मुल्डर मूळचे कुठले?

2007 साली नेदरलँड्समधल्या लोकसंख्येच्या नोंदींवरून देशभरातली आडनावं मोजली गेली, तेव्हा मुल्डर आडनावाची 36,207 माणसं निघाली. यादीत क्रमांक बारावा. त्याच्या वर बाकर, म्हणजे पाव भाजणारे, 55 हजारांवर. फिसर, म्हणजे मासेमार, साडेएकोणपन्नास हजार. स्मिट, म्हणजे लोहार, 42 हजारांवर. पहिल्या वीस आडनावांत आठ आडनावं अशी धंद्याची आहेत. छपरं शाकारणारा डेकर आणि बिअर बनवणारा ब्राउवर ही त्यातली शेवटची दोन. मुल्डर म्हणजे गिरणीवाला, लोकांचं धान्य दळून देणारा. अर्थ इतका उघड आहे की पुढे काही विचारावंसंच वाटत नाही. कुणीतरी खापरपणजोबा गिरणी चालवत असणार, त्याचं नाव चिकटलं, संपलं.

पण आडनावांचा अभ्यास करणाऱ्या डच मंडळींनी जमवलेली माहिती एकत्र ठेवून पाहिली की हे उत्तर अपुरं पडतं. मुल्डर हे आडनाव पूर्वजाचा धंदा सांगतं, यात खोटं काही नाही. पण त्याहून जास्त भरवशाने ते त्याचा मुलूख सांगतं. माझ्या मते या आडनावाचा खरा ऐवज तिथे आहे आणि लोकांचं लक्ष नेमकं तिथे जात नाही.

आधी आकड्यांतलंच एक कोडं पाहू. द बूर म्हणजे शेतकरी. 2007 मध्ये द बूर होते 38 हजारांच्या थोडे वर, म्हणजे मुल्डरांपेक्षा जेमतेम दोन हजारांनी जास्त. जुन्या काळच्या कुठल्याही खेड्यात शेतकऱ्यांची घरं पन्नास असली तर गिरणीवाल्याचं घर एकच असायचं. मग पुढे दोघांच्या आडनावांची संख्या जवळजवळ सारखी कशी? कारण आडनाव मुळात ओळख पटवायला लागतं. जिथे सगळेच नांगर धरतात तिथे ‘शेतकरी यान’ म्हटल्याने कोण ते कळत नाही. ‘गिरणीवाला यान’ म्हटलं की अख्ख्या पंचक्रोशीला कळतं. धंदा जितका विरळा, तितकं नाव पक्कं बसणार. मासेमारांच्या फोलेनडाम गावात आडनावांनी ओळख पटेनाशी झाली, तेव्हा लोकांनी घराण्यांना टोपणनावं दिली आणि ती आजही चालतात. तिथली भरपूर आढळणारी आडनावं आहेत फेरमान आणि स्खिल्डर, म्हणजे नाववाला आणि रंगारी. आणि गाव पिढ्यान्‌पिढ्या जगलं ते मासळीवर.

गिरणीवाला विरळा होता आणि वेगळाही होता. त्याच्या कामाकडे जरा जवळून पाहिलं तर त्याचं नाव लोकांच्या तोंडी का बसलं ते कळतं. पवनचक्कीचा जुना प्रकार म्हणजे एका जाड लाकडी खांबावर तोललेली अख्खी खोली. वारा फिरला की पाठीमागच्या लांब वाशाला जोर लावून ती खोलीच वाऱ्याच्या तोंडी वळवायची. नंतरच्या चक्क्यांत फक्त वरची टोपी फिरे, पण ती फिरवायला माणूस लागेच. पात्यांच्या लाकडी जाळीवर शिडाचं कापड चढवायचं, वारा चढला की गुंडाळून कमी करायचं. आत दोन तळ्या: खालची स्थिर, वरची फिरती. त्या एकमेकींना टेकल्या तर ठिणग्या उडणार आणि पीठ करपणार. फार दूर राहिल्या तर भरड पडणार. वाऱ्याबरोबर तळीचा वेग बदलतो, म्हणून गिरणीवाला पन्हळीतून उतरणारं ऊन ऊन पीठ अंगठ्याने बोटांवर चोळून बघत राही आणि त्या अंदाजाने वरची तळी कणभर उचले किंवा सोडे. ठरावीक काळाने वरचा दगड उचलून उलटा घालायचा आणि दोन्ही तळ्यांना टाकी लावायची. पोलादी टाकीच्या कपच्या उडून हाताच्या पाठीत रुतत. त्या खुणांवरून नवखा कोण आणि मुरलेला कोण ते कळे. वादळात चक्की आवरली नाही तर लाकडी ब्रेक घासून घासून पेट घेई. वारा आला की रात्री-अपरात्री उठायचं, पडला की बसून राहायचं. गावाच्या वेळापत्रकाशी या माणसाचं वेळापत्रक जुळतच नसे.

त्यात दळणावळीची भर. गिरणीवाला मजुरी धान्यातच घ्यायचा, आणि ती मापून काढायचा तोच. गोणीतून किती काढलं हे ज्याची गोणी त्याला दिसत नसे. गिरणीवाल्याबद्दलचा संशय युरोपभर म्हणींत आणि गोष्टींत मुरलेला आहे, त्याचं मूळ या मापात आहे. शिवाय अनेक ठिकाणी गावच्या जमीनदाराचा हुकूम असे की रयतेने त्याच्याच चक्कीवर दळलं पाहिजे. वाऱ्यावरचा हक्कसुद्धा त्याचाच. चक्की उभारायची तर त्याला पैसे मोजून परवानगी घ्यायची. ही सक्ती 1798 मध्ये, बटाविअन प्रजासत्ताकाच्या काळात, कायद्याने गेली. सरकारही दळणावर कर घेई आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता. म्हणजे गिरणीवाला हा एकाच वेळी कारागीर, जमीनदाराचा खंडकरी आणि करवसुलीच्या नजरेखालचा माणूस होता.

हे खंडाने घेणं महत्त्वाचं आहे, कारण त्यानेच ‘आडनाव म्हणजे रक्ताचं नातं’ या समजाला धक्का बसतो. चक्की खंडाने मिळे आणि मुदत संपली की दुसऱ्याकडे जाई. नवा आला की गाव त्यालाच ‘मुल्डर’ म्हणू लागे. जुना गेला, शेती करू लागला, तर त्याचं नाव सुटे किंवा राही, दोन्ही शक्य. आडनावं कागदावर पक्की होण्याआधी हे नाव बऱ्याचदा माणसाचं नसून जागेचं होतं. पूर्वेकडच्या ट्वेंटे आणि आख्टरहुक भागात तर शेतवाडीचं नाव तिथे राहायला येणाऱ्याला लागायचं. घरजावई आला तरी तो सासऱ्याच्या वाडीच्या नावाने ओळखला जायचा. तेव्हा दोन गावचे दोन मुल्डर एकमेकांचे भाऊबंद असतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. प्रत्येक गावात गिरणी होती, म्हणून प्रत्येक गावात नव्याने एक मुल्डर निपजू शकत होता. आडनावावरून जात हुडकायची सवय लागलेल्या आपल्या मनाला इथे थांबावं लागतं: मुल्डर हा ना वंश, ना जात, ना बिरादरी. गिरणीवाल्याच्या मुलीने लोहाराशी लग्न केलं तर गावाला त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग ही नावं पक्की कधी झाली? नेदरलँड्समध्ये कुणालाही विचारा, उत्तर मिळेल: नेपोलियनने केली. देश फ्रान्सला जोडला गेला 1810 मध्ये, आणि 18 ऑगस्ट 1811 च्या फर्मानाने ज्यांना कायमचं आडनाव नव्हतं त्यांना ते घेऊन नोंदवणं भाग पडलं. याच्याभोवती एक लाडकी दंतकथा उभी आहे. परकी राजवट फार दिवस टिकायची नाही असं समजून लोकांनी थट्टेची नावं नोंदवली, आणि नाक्टखेबोरन, म्हणजे ‘उघडा जन्मलेला’, असली आडनावं त्या खोडीतून आली, अशी ती कथा. ती खरी नाही. असली बरीच नावं फर्मानाच्या कितीतरी आधीच्या कागदांत सापडतात. 1811 पर्यंत बहुतेक डच माणसांना आडनाव होतंच. दक्षिणेत आणि शहरांत तर ते मध्ययुगाच्या अखेरीपासून स्थिरावत आलं होतं. फर्मानाची खरी झळ लागली ती फ्रिसलंड, ग्रोनिंगन, ड्रेंथ आणि ओव्हरआयसलच्या ग्रामीण भागाला, आणि ज्यू कुटुंबांना. तिथे अजून बापाचंच नाव मागे लागे. हार्मचा मुलगा यान, तर तो यान हार्म्स. त्याचा मुलगा पुन्हा हार्म, तर तो हार्म यान्स. दर पिढीला नाव उलटंपालटं. अशा मुलखात नोंदवहीसमोर उभं राहिल्यावर जवळ असलेली ओळख म्हणजे धंदा. 1811 मध्ये ज्याच्या हातात चक्की होती त्याचे वंशज मुल्डर राहिले. ज्याच्या आजोबांकडे होती पण स्वतःकडे नव्हती, त्याने कदाचित वेगळंच काही नोंदवलं. पुढे 1813 मध्ये आणि राजा विलेम पहिला याच्या काळात 1825 मध्ये पुन्हा हुकूम काढावे लागले, यावरून लोकांनी किती घाई केली ते दिसतंच.

आता मुलखाकडे वळू. मूळ उगम एकच, लॅटिनमधला मोलिनारियस. पण गिरणीवाल्याला काय म्हणायचं हे दर काही मैलांवर बदलत गेलं आणि आडनावांत ते गोठून राहिलं. हॉलंड प्रांतांत, म्हणजे आम्स्टरडाम-लायडन-हार्लेमच्या पट्ट्यात, तो मोलेनार. ईशान्येला, ग्रोनिंगन-ड्रेंथ-ओव्हरआयसलमध्ये, तो मुल्डर, आणि तिथे हे आडनाव दाट आढळतं. ब्राबांटमध्ये उतरलं की शेवटी ‘स’ येतो, मुल्डर्स. तिथेच स्मुल्डर्स हे आडनावही आहे, ज्यात पुढचा ‘स’ हा ‘गिरणीवाल्याचा’ या जुन्या षष्ठीचा उरलेला अवशेष आहे. फ्लांडर्समध्ये शिरलं की आडनावाच्या आधी ‘द’ लागतो: पश्चिमेला द म्युलेनार, पूर्वेला द मुल्डर. जर्मन सीमा ओलांडली की म्युलर, फ्रेंच भाषकांत मेनिए. लॅटिनचा सोस असलेल्या शिकलेल्या घराण्यांनी मोलिटोर करून घेतलं. स्मिटचा फाब्रिसियस आणि बाकरचा पिस्टोरियस असाच झाला. कादंबरीकार लुई कूपेरस (1863–1923) याचं भारदस्त आडनावही मुळात पिंपं बनवणाऱ्या काउपरचं लॅटिन रूप आहे. या सगळ्यांच्या पूर्वजांनी एकाच प्रकारचं काम केलं. तेव्हा कामावरून त्यांना वेगळं काढता येत नाही. वेगळं काढतो तो प्रदेश. रॉटरडाममध्ये राहणारा मुल्डर भेटला तर त्याच्या पूर्वजाने किती पोती दळली ते कुणी सांगू शकणार नाही, पण ते कुटुंब कधीतरी ईशान्येकडून खाली आलं असावं, हा अंदाज चुकण्यापेक्षा बरोबर निघण्याची शक्यता जास्त.

ही माहिती ज्यांनी जमवली त्यांचे उपकार मानले पाहिजेत. 1947 च्या जनगणनेतून प्रांतवार आडनावांचे खंड निघाले आणि आम्स्टरडामच्या मेर्टेन्स इन्स्टिट्यूटने पुढे 2007 च्या नोंदींवर आधारलेला मोठा साठा सर्वांना खुला केला. गावागणिक नकाशे आता कुणीही पाहू शकतो. साठ वर्षांच्या अंतराने घेतलेल्या या दोन मोजण्या शेजारी ठेवल्या तर शहरांकडे लोंढे गेले तरी आडनावांची ठाणी पुष्कळशी जागच्या जागी राहिलेली दिसतात.

उलट बाजूही पाहिली पाहिजे: जे खरोखर गिरणीवाले होते त्यांची आडनावं काय होती? इथे उदाहरणं इतकी बोलकी आहेत की ‘आडनाव म्हणजे धंदा’ हे समीकरण मोडूनच पडतं. रेम्ब्रांटचा बाप हार्मन लायडनमध्ये बिअरवाल्यांसाठी माल्ट दळत असे. मुलगा मोलेनार झाला नाही. चक्की ऱ्हाइन नदीकाठी होती, चक्कीचंच नाव ‘द राइन’ होतं, आणि कुटुंब फान राइन झालं. त्याच काळात हार्लेममध्ये मोलेनार आडनावाचा चित्रकार होऊन गेला, यान मिन्से मोलेनार. त्याची बायको युडिथ लेस्टर, स्वतः मोठी चित्रकार. तिच्या बापाने बिअरची भट्टी घेतली आणि ब्राउवर न होता भट्टीचं नाव लावलं. लेस्टर म्हणजे ध्रुवतारा. किंडरडाइकच्या ज्या एकोणीस चक्क्या प्रत्येक पर्यटकाच्या फोटोत असतात, त्यांच्यातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं नावाजलेलं घराणं आहे हूक, म्हणजे नुसता ‘कोपरा’. त्या चक्क्या धान्य दळतही नाहीत. त्या सखल जमिनीतलं पाणी उपसतात. पाणी उपसणाऱ्या चक्क्या पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला आल्या, तेव्हा दक्षिणेतल्या शहरांत गिरणीवाल्यांची नावं कागदावर येऊनही गेली होती. मुल्डर हे नाव ज्यांच्यावरून आलं ते मुख्यतः पीठ दळणारे, पाणी उपसणारे नव्हेत. हॉलंडचं चित्र म्हणून जगाने जी चक्की डोळ्यांत साठवली आहे, तिचा आणि या आडनावाचा संबंध वाटतो तेवढा सरळ नाही.

इतर धंद्यांतही हेच. 1910 चं भौतिकीचं नोबेल मिळवणारा फान डेर वाल्स सुताराचा मुलगा होता, पण आडनाव टिमरमान नव्हतं. ‘मुलटाटुली’ या नावाने लिहिणारा, 1860 मध्ये ‘माक्स हावेलार’ लिहून जावामधली वसाहतीची लूट चव्हाट्यावर मांडणारा एडुआर्ड डाउवेस डेकर छपरं शाकारणाऱ्याचं आडनाव लावत होता; बाप जहाजाचा कप्तान. आणि डच टेलिफोनच्या यादीत राजे, सम्राट, सरदार कमी नाहीत: कोनिंग, काइझर, द खराफ. त्यांचे पूर्वज गादीवर नव्हते. कुणी गावच्या निशाणबाजीत ‘राजा’ ठरला, कुणी नाटकात राजाचं सोंग घेतलं, कुणाच्या घरावर तसली पाटी होती. मायर हे पूर्वेकडे जमीनदाराच्या कारभाऱ्याचं नाव, पण ज्यू कुटुंबांत तेच मेइर या व्यक्तिनावावरून आलेलं असू शकतं. एकच आडनाव, दोन उगम. कागद पाहिल्याशिवाय बोलू नये.

आता हे नाव ज्यांनी मिरवलं त्यांच्याकडे. सगळ्यात मोठा माणूस माझ्या दृष्टीने खेरार्डुस योहानेस मुल्डर, जन्म उट्रेख्ट 1802. वैद्यकी शिकला, रसायनशास्त्राकडे वळला, 1840 पासून उट्रेख्टला प्राध्यापक. 1838 मध्ये रक्तातल्या आणि अंड्यातल्या पदार्थांचं विश्लेषण करून त्याने मांडलं की या सगळ्यांच्या मुळाशी एकच द्रव्य आहे, फक्त गंधक आणि स्फुरदाचं प्रमाण तेवढं बदलतं, आणि प्राण्यांना ते वनस्पतींतून मिळतं. स्वीडनच्या बर्झेलियसने पत्रातून त्याला नाव सुचवलं होतं: प्रोटीन. ते छापलं मुल्डरने. आज पुण्या-नागपुरातल्या जिममध्ये दिवसभर जो शब्द कानावर पडतो तो पहिल्यांदा एका मुल्डरच्या निबंधात छापला गेला. त्याचं ‘एकच द्रव्य’ हे म्हणणं टिकलं नाही. जर्मनीच्या लीबिगने आधी पाठिंबा दिला, मग मुळावरच घाव घातला, आणि दोघांचं भांडण फार कडवट झालं. पण तेवढ्यावरून मुल्डरला मोडीत काढणं अन्यायाचं आहे. 1847 मध्ये, बटाट्यावरचा रोग आणि महागाई यांनी गरिबांचे हाल होत असताना, त्याने डच जनतेच्या आहारावर पुस्तक लिहिलं आणि नुसत्या बटाट्यावर जगणाऱ्या लोकांची ताकद खचते हे ठासून सांगितलं. नामसादृश्य केवळ योगायोगाचं, तरी गिरणीवाल्याचं नाव लावणाऱ्याने देशाला काय खावं हे सांगावं, यात मला आनंद वाटतो.

दुसरा मुल्डर रोजच्या बोलण्यात आहे, फक्त लोकांना तो माणूस म्हणून ठाऊक नाही. नेदरलँड्समध्ये वेगमर्यादा मोडली आणि पोस्टाने दंडाची चिठ्ठी आली, तर ती 1989 च्या ज्या कायद्याखाली येते त्याला सगळे ‘मुल्डरचा कायदा’ म्हणतात. न्यायखात्याचे वरिष्ठ अधिकारी आल्बर्ट मुल्डर यांच्यावरून हे नाव पडलं. किरकोळ वाहतूक गुन्हे फौजदारी कोर्टातून काढून प्रशासकीय दंडात टाकायचे, ही त्या कायद्याची कल्पना.

खेळात सांगण्यासारखी जोडी म्हणजे जुळे भाऊ मिशेल आणि रोनाल्ड मुल्डर. 2014 च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये 500 मीटर स्पीड स्केटिंगला मिशेल सुवर्ण, यान स्मेकेन्स रौप्य, रोनाल्ड कांस्य. दोन फेऱ्यांची बेरीज मिळून पहिल्या-दुसऱ्यात फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. फुटबॉलमध्ये यान मुल्डर, जो पुढे लेखक म्हणूनही नावारूपाला आला, आणि त्याचा मुलगा युरी.

परदेशी गेलेल्या मुल्डरांत दक्षिण आफ्रिकेचं घराणं ठळक आहे. कॉनी मुल्डर हे वर्णभेदी राजवटीत माहितीमंत्री होते. सरकारी पैशातून गुपचूप प्रचार चालवल्याच्या प्रकरणात 1978 मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. मुलगा पीटर पुढे पक्षप्रमुख झाला. अमेरिकेतला सगळ्यात प्रसिद्ध मुल्डर तर काल्पनिक आहे: ‘एक्स फाइल्स’ मालिकेतला फॉक्स मुल्डर. मालिकेचा निर्माता ख्रिस कार्टर याने आईचं माहेरचं आडनाव पात्राला दिलं.

स्वतः गिरणीवाल्याचं काय झालं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर देशात साधारण नऊ ते दहा हजार चक्क्या फिरत होत्या. वाफ, डिझेल आणि वीज आल्यावर आज उरल्यात बाराशेच्या आसपास. 1972 मध्ये हौशी गिरणीवाल्यांचा संघ स्थापन झाला आणि त्याने लोकांना शिकवून, परीक्षा घेऊन तयार करायला सुरुवात केली. 2017 मध्ये युनेस्कोने पवनचक्की आणि पाणचक्की चालवण्याचं कसब मानवतेच्या अमूर्त वारशात नोंदवलं. नोंद इमारतीची झाली नाही, हातातल्या कसबाची झाली, हे मला फार योग्य वाटतं. शनिवारी चक्कीवर जाऊन शिडं चढवणाऱ्यांत शिक्षक आहेत, इंजिनिअर आहेत, पेन्शनर आहेत. आडनाव मुल्डर असण्याची अट कधीच नव्हती.

आडनावांचे नकाशे मात्र आता वेगाने बदलतील. 1998 पर्यंत विवाहित आई-बापांच्या मुलाला बापाचंच आडनाव लागे. त्या वर्षापासून दोघांपैकी एकाचं निवडता येऊ लागलं. 1 जानेवारी 2024 पासून दोन्ही जोडून लावायची मुभा मिळाली. म्हणजे ग्रोनिंगनचा बाप आणि हॉलंडची आई असलेलं बाळ आता मुल्डर मोलेनार म्हणून नोंदवता येतं, दोन मुलखांचा गिरणीवाला एकाच जन्मदाखल्यावर. यापुढची मोजणी जेव्हा होईल तेव्हा कुठलं नाव कुठे दाट हे ठरवायची रीतच नव्याने बसवावी लागेल, आणि 1947 व 2007 च्या मोजण्यांशी ताडून पाहताना अभ्यासकांना आधी तेच काम करावं लागेल.